अक्का, ओटा मोठा करायचा की कोठी?

अमेय, सई,

गेल्या रविवारी फोनवर अमेयने विचारलं, की बाबांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये तुम्ही शेवटी नक्की काय बदललंत, मेमरी की हार्ड डिस्क, आणि त्याने खरंच फरक पडला का. त्याच्याकडेही आता कुणाचा तरी जुना लॅपटॉप आलाय आणि तो रडतखडत चालतोय म्हणे. लाईनवर आमचाच आवाज आम्हाला परत ऐकू येत होता, म्हणून मी "मेमरी" एवढंच सांगून फोन बाबांकडे द्यायला लावला. उत्तर चुकीचं नाही, पण पुरतं नाही. तो लॅपटॉप वापरणाऱ्या अक्काआजीला जाऊन अजून महिना झालेला नाही, आणि आम्हा दोघींचा त्याच्यावरून झालेला वाद तिच्या जाण्याने मिटलेला नाही. गोष्टी ताज्या आहेत तोवर क्रमाने लिहून टाकाव्यात, ही माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण यातलं बहुतेक बोलणं मला तुमच्याशी नाही, अक्कांशी करायचं आहे, आणि त्यांच्याशी मी कधी इंग्रजीत बोलले नाही. मोठी माणसं बोलत असताना मुलं शेजारी बसून ऐकतात तसं ऐका. कुठे अडलं तर बाबांना विचारा.

अक्का,

लग्न होऊन मी पुण्याहून बेंगळूरला या घरात आले, तेव्हा सासूबाईंच्या आधी तुम्हीच माझी उलटतपासणी घेतलीत. नवऱ्याच्या मोठ्या बहिणीला आमच्याकडे वन्सं म्हणत, म्हणून मीही तेच म्हटलं. तुम्ही म्हणालात, अक्का म्हण, ते वन्सं ऐकलं की माझ्या मागे दुसरंच कुणी उभं आहे असं वाटतं. मग माझ्या शुद्ध मराठीची तुम्ही जेवणाच्या पानावर नक्कल करून दाखवलीत आणि सासूबाईंना ठसका लागला. तुमच्या मराठीत मात्र दर वाक्याला एक कन्नड शब्द असे. "स्वल्प थांब" म्हणजे थोडं थांब, "सरी" म्हणजे ठीक, हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले, कारण तुम्ही दुसऱ्यांदा सांगत नसा.

लग्न तुम्ही केलं नाहीत. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मॅनेजरच्या टायपिस्ट म्हणून तुम्ही निवृत्त झालात. साहेबाचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुमचं टाइप झालेलं असे आणि कधी कधी साहेबापेक्षा बरं झालेलं असे, असं तुम्हीच सांगायचात. घरातही तसंच. समोरचा बोलत असतानाच तुमचं उत्तर तयार होत असे आणि त्याने श्वास घेतला की ते त्याच्या पानात पडे. रघुनाथ, म्हणजे तुमचा धाकटा भाऊ आणि माझा नवरा, इतका कमी का बोलतो हे मला लग्नानंतर फार लवकर कळलं.

म्हणून घशाच्या कॅन्सरने तुमचं स्वरयंत्र काढावं लागलं तेव्हा मला तुमच्या जिवाइतकीच त्या उत्तरांची काळजी वाटली होती. आधी आपण पाटी आणली. तुमच्या बोटांचे सांधे धरलेले, खडू नीट धरवत नव्हता. तरी आठवडाभर तुम्ही ती वापरलीत आणि मग एके दिवशी तिच्यावर वाकडंतिकडं लिहून माझ्यासमोर धरलीत: "पाटीवर हो आणि नाही मावतं. मला 'पण' म्हणायचं असतं."

तेव्हा आमचा शिरीष, या मुलांचा बाबा, परदेशातून सुटीवर आला होता. जाताना त्याने आपला जुना लॅपटॉप तुमच्यासाठी ठेवला, त्यात मराठी आणि कन्नड लिहायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. दोन्ही लिप्यांत एका आवाजाची कळ एकाच जागी, हे पाहून तुम्ही खूश झालात. कळा तुमच्या बोटांना झेपत होत्या. दोन आठवड्यांत न बघता टाइप करायला लागलात. घरात मराठी, डॉक्टरांशी आणि शेजारच्या सरोजम्माशी कन्नड, शिरीषला इंग्रजी.

पण यंत्र तुमच्या मागे राहायचं. तुम्ही तुमच्या कचेरीच्या वेगाने दोन ओळी बडवायचात आणि पडदा कोराच. आतून डिस्कची कुरकुर, समोरचा छोटा दिवा लुकलुकतोय, मध्येच टुक टुक असा आवाज. मग एकदम सगळी अक्षरं भळकन बाहेर. लिपी बदलली की हे हमखास व्हायचं. तोवर बोलणं पुढे गेलेलं असे. सरोजम्मा तिच्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला आली होती तो दिवस आठवतो ना? ती यायच्या आधी रघुनाथने उद्यापासून पहाटे फिरायला जाणार असं जाहीर केलं होतं. सरोजम्मा आली, बसली, मुलाचं घराणं, नोकरी सगळं सांगून झालं, आणि ती कौतुकाने तुमच्या पडद्याकडे वळली. तिला रघुनाथची गंमत सांगायला तुम्ही ती येताच कन्नडमध्ये टाइप केलेलं नेमकं तेव्हा उमटलं, की आठ दिवससुद्धा टिकायचं नाही. रघुनाथचं फिरणं तिला समजावून सांगेपर्यंत माझ्या तोंडाला फेस आला. तुम्ही हसत होतात, आवाज नसलेलं ते खांदे हलवून हसणं, आणि तिने ते पाहिल्यामुळे तर आणखीच पंचाईत.

त्यावर आपण दोघी हसलो. पण डॉक्टरांच्या खोलीत जे झालं त्यावर नाही.

गाठ परत दिसली होती. दुसरं ऑपरेशन करता येईल, त्याने काय मिळेल हे नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तुमचं काय म्हणणं म्हणून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही लॅपटॉप उघडून तयारच होतात. कन्नडमध्ये टाइप करायला लागलात. डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली. पडदा कोरा. बाहेर रांग. मग त्यांनी रघुनाथकडे मान वळवली, आणि रघुनाथ घाबरून म्हणाला, "करून टाकू या, डॉक्टर." मीही मान डोलावली, कारण माझंही मत तेच होतं. त्यांनी लिहायला घेतलं. तुमची ओळ पडद्यावर आली तेव्हा पुढचा पेशंट दारात उभा होता. तुम्ही ती कुणाला वाचू न देता झाकण लावलंत.

रिक्षात तुम्ही बाहेर बघत बसलात. घरी आल्यावर मला मात्र लिहून दाखवलंत: "मी तिथे होते ना?"

पुढच्या भेटीत तारीख ठरायची होती. त्याच्या आत हे यंत्र तुमच्या बोटांबरोबर चालायला हवं, एवढं मी त्या दिवशी ठरवलं.

शिरीष म्हणाला, नवाच घे, मी पाठवतो. त्याला तुम्ही उडवून लावलंत. हात बसायला आणखी दोन आठवडे जाणार, तेवढ्यात भेट निघून जाईल. मग मी लॅपटॉप पिशवीत घालून एस. पी. रोडवर कॉम्प्युटरच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने पाहिलं आणि म्हणाला, डिस्क भरलीय, मोठी घाला, पळायला लागेल. मी त्याला म्हटलं, पळेल कशावरून? तो म्हणाला, सगळ्यांचं तसंच असतं. त्या उत्तराने माझं समाधान होण्यासारखं नव्हतं. पुण्याच्या कॉलेजात मी शास्त्र शिकले ते एवढ्यावर विश्वास ठेवायला नाही.

मी घरी येऊन स्वतः तपासलं. एकच वाक्य तुमच्याकडून तीन प्रकारे टाइप करून घेतलं. साध्या इंग्रजीत, दुसरं काही उघडं न ठेवता: अक्षरं लगेच. मराठीत: डिस्कचा दिवा लागला, अक्षरं अडखळली. मराठी आणि कन्नड दोन्ही उघडं ठेवून: दिवा विझेचना. म्हणजे प्रोसेसर कमी पडत नव्हता. मेमरी संपली की यंत्र त्यातलं काही डिस्कवर नेऊन ठेवतं, पुन्हा लागलं की उचलून आणतं, आणि त्या ये-जा करण्यात वेळ जातो.

हे तुम्हाला सांगायला मी स्वयंपाकघरच वापरलं. मेमरी म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. आपला ओटा एवढासा. त्यावर पोळपाट मांडायचा तर विळी उचलून कोठीत ठेवावी लागते, आणि विळी हवी झाली की पोळपाट. कोठी कितीही मोठी बांधली तरी ओटा तेवढाच. म्हणून ओटा वाढवायचा.

तुम्ही तो दृष्टान्त ऐकून घेतलात आणि माझ्यावरच उलटवलात. कोठी गच्च भरली की विळी ठेवायची कुठे? दारातच अडखळणार. आधी कोठी आवर. तुझ्या लेकाने त्यात काय काय कोंबून ठेवलंय बघ, पत्त्यांचे खेळ, मोटारींचे खेळ. दुकानदार बरोबर सांगतो.

मी म्हटलं, मग एक सोपा उपाय आहे. इंग्रजीतच लिहा. काही बदलायला नको, आजपासून यंत्र वेगाने चालेल, डॉक्टरांना इंग्रजी येतंच. मला वाटलं होतं तुम्ही चिडाल. तुम्ही चिडला नाहीत. सावकाश टाइप केलंत, आणि यंत्राला वेळ लागला म्हणून मीही थांबले.

"इंग्रजीत मी जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं टाइप केली. कळविण्यात येते की, विनंती करण्यात येते की. माझं असं एकही नाही. मरणाबद्दल मी डॉक्टरला कळविण्यात येते की म्हणू?"

तो उपाय मी मागे घेतला.

त्या मॉडेलची मेमरी इथे मिळत नव्हती. शिरीषच्या ऑफिसातला एक मुलगा दोन आठवड्यांनी इकडे यायचा होता. जुने सुटे भाग शोधायला वेळ लागतो, तो निघेपर्यंत एकच वस्तू मिळवता येईल, कोणती ते सांग, असं शिरीषने विचारलं. दुकानदाराची डिस्क की माझी मेमरी. रघुनाथने दोन्ही बाजूंना हो म्हणून पाहिलं आणि दोघींकडून ऐकून घेतलं. शेवटी तुम्ही टाइप केलंत, "सरी. तुझा ओटा मागव. पण चाललं नाही तर पुढची पाच वर्षं मी तुला ऐकवीन." पाच वर्षं, असं लिहिलं होतंत तुम्ही. मी ते पाहिलं आणि शिरीषला फोन लावला.

मेमरीची पट्टी भेटीच्या आदल्या दिवशी सकाळी हातात आली. शिलाई मशीनचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर मी काढून ठेवलाच होता. रघुनाथला टॉर्च धरून उभं केलं. अंगातली वीज जावी म्हणून आधी खिडकीच्या गजाला हात लावला, लॅपटॉपच्या पोटावरचं झाकण उघडलं, पट्टी तिरकी बसवून दाबली. कट्ट असा आवाज आला. यंत्र सुरू होताना आपली मेमरी मोजतं, ते आकडे जुन्या जागी न थांबता सरसर पुढे गेले तेव्हा मला जो आनंद झाला तो शिरीष इंजिनिअर झाला त्या दिवसाएवढा होता, हे शिरीषला सांगू नका, मुलांनो.

मग मी डिस्क उघडून पाहिली आणि माझं डोकं फिरलं. मी त्या मुलाला भेटायला गेले होते तेवढ्यात तुम्ही कोठी रिकामी करून ठेवली होतीत. सगळे खेळ, शिरीषचे जुने प्रोग्राम, काय काय. अर्धी डिस्क मोकळी. मी म्हटलं, अक्का, दोन बदल एका वेळी केले तर गुण कशाने आला ते कसं कळणार? आधी एक करायचं, तपासायचं, मग दुसरं. एवढी साधी शिस्त आहे. तुम्ही टाइप केलंत, आणि अक्षरं तुमच्या बोटांखालून जशीच्या तशी वर आली, एकही मागे न राहता:

"गुण येऊ दे. तुला कळायची घाई, मला बोलायची."

ते वाक्य वाचून मला राग धरवला नाही. पडद्यावर ते इतकं पटकन उमटलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत तुम्ही मधल्या खुर्चीवर बसलात. एरवी तिथे रघुनाथ बसायचा. भिंतीतल्या प्लगमध्ये मी वायर लावली. डॉक्टर तारखांबद्दल रघुनाथशी बोलायला लागले आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही पडदा त्यांच्याकडे फिरवलात. कन्नडमध्ये लिहिलं होतं:

"डॉक्टर, पेशंट मी आहे. मला विचारा."

ते थांबले. खुर्ची तुमच्याकडे वळवली. ऑपरेशन केलं तर काय, नाही केलं तर काय, हे त्यांनी पहिल्यांदाच तुमच्याकडे बघत सांगितलं. तुम्ही मध्ये मध्ये विचारत होतात. किती दिवस हॉस्पिटलात. हात चालतील का. नळीने खावं लागेल का. प्रत्येक प्रश्न त्यांचं उत्तर संपतंय तोवर समोर. नंतर त्यांनी विचारलं, मग काय करू या? तुम्ही एकच शब्द लिहिलात. बेडा. नको. आणि त्याखाली, घरी राहीन, जेवढं बोलायचं आहे तेवढं बोलेन.

रघुनाथ रडायला लागला. तुम्ही त्याच्याकडे न बघता त्याच्या हातावर हात ठेवलात आणि दुसऱ्या हाताने मराठीत टाइप केलंत, "रघू, रांग खोळंबलीय." डॉक्टरांना मराठी येत नाही, पण मी हसले ते त्यांनी पाहिलं.

अक्का, आता आपलं न संपलेलं. माझं मत ऑपरेशन करावं असंच होतं आणि आजही आहे. तसं मी तुम्हाला सांगितलं, एकदा नाही, पुष्कळदा. तुम्ही दर वेळी उत्तर दिलंत. कधी चिडून, कधी माझी नक्कल लिहून: "आधी एक करायचं, तपासायचं, मग दुसरं. मरण एकदाच असतं, सुमन, तपासायचं कधी?" मी म्हणायची, थोडा काळ मिळाला असता. तुम्ही म्हणायचात, मिळालेला वापरतेय ना. जे. पी. नगरच्या या घरात पावसाळा ते संक्रांत आपण दोघी जेवढं भांडलो तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत भांडलो नसू. त्यात सरोजम्माच्या मुलीचं लग्नही झालं. त्या मांडवात तुम्ही लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलात आणि मुलाकडच्या बायका तुमच्याभोवती गोळा झाल्या, कारण तिथल्या पंगतीबद्दल खरं फक्त तुम्हीच लिहीत होतात. मी हरले असं मी म्हणणार नाही. पण तुमचा नकार तुम्ही स्वतः, वेळेवर, तुमच्या शब्दांत दिलात, आणि तो देता यावा म्हणून ती पट्टी मी बसवली, याचा मला अभिमान आहे. माझ्या मताविरुद्ध जाणारं एवढं चांगलं काम माझ्या हातून दुसरं झालेलं नाही.

आभार मी कधी मानले नाहीत. तुम्हाला ते आवडलं नसतं. तरी एक सांगते. या घरात मी बाहेरून आले, आणि माझ्याशी बरोबरीने भांडलेलं पहिलं माणूस तुम्ही. बाकीचे सांभाळून घेत होते.

आणि दुसरं. गेल्या आठवड्यात मी ती तपासणी पुरी केली. पट्टी काढली, तुमची रिकामी कोठी तशीच ठेवली, आणि तेच वाक्य तीन प्रकारे टाइप केलं. पट्टी घालून पुन्हा केलं. ऐका. नुसती कोठी आवरूनही फरक पडत होता, मी समजत होते त्यापेक्षा बराच. पण दोन लिप्या उघड्या ठेवल्या की दिवा पुन्हा लागायचा. पट्टी घातल्यावर तो लागला नाही. अमेय, हे तुझं उत्तर: आधी नको ते काढून टाक, त्याला काही लागत नाही. तरीही दिवा लुकलुकत राहिला तर मेमरी. मोठी डिस्क तुझ्याजवळ ठेवायला खरंच काही असेल तेव्हा.

तर अक्का, ओट्याच्या बाबतीत मी बरोबर होते आणि कोठीच्या बाबतीत तुम्ही. हे मी जेवताना रघुनाथला सांगितलं. तो हो म्हणाला. तुम्ही असतात तर हो म्हणाला नसतात, आणि मला तेच ऐकायचं होतं.

लॅपटॉप चांगला चालतो. आता रघुनाथ त्याच्यावर कन्नड शिकतोय, जन्मभर बोलला पण लिहिता कधी आलं नाही म्हणून. आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर एकाचं बोलून झालं की दुसरा लगेच सुरू होत नाही. तुमची ओळ उमटेपर्यंत जेवढं थांबायचो, तेवढं आम्ही अजून थांबतो.